सांगलीच्या ताईंची यादी आणि प्रागची दुकानं

पत्र :
सप्रेम नमस्कार. माझा मुलगा चेकमध्ये ब्रनोला शिकतो आहे. सप्टेंबरात आम्ही दोघं पंधरा दिवसांसाठी त्याच्याकडे निघालोय. आधी दहा दिवस ब्रनो, मग पाच दिवस प्राग, त्यातला एक दिवस कार्लोव्ही व्हारी. २९ सप्टेंबरला प्रागहून दुबईमार्गे मुंबई. मागे सिंगापूरहून आम्ही सगळ्यांना चॉकलेटं आणि फ्रिजवर लावायची मॅग्नेट आणली होती. चॉकलेटं दोन दिवसांत संपली, मॅग्नेट कुणाच्याच फ्रिजवर दिसत नाहीत. या वेळी तसं नको आहे. यादी अशी : सासूबाई (वय ७९, अजून हाताने गोधड्या शिवतात, अंडंसुद्धा चालत नाही), शाळेत जीवशास्त्र शिकवणारी नणंद, जावेची दोन मुलं (सहा आणि बारा वर्षांची), होणारी सून आणि तिचे आईवडील, भिशीतल्या बारा जणी, यांच्या ऑफिसातले लोक, ‘तिकडची बाटली आण’ म्हणणारे दीर, आणि घरकामाच्या मावशींना उरलंसुरलं काहीतरी. खर्चाची मर्यादा ३५ हजार. प्रागमध्ये फार फसवतात असं ऐकलंय. काय घ्यावं, कुठून घ्यावं आणि काय अजिबात घेऊ नये?
– एक वाचक, सांगली

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मला एक गोष्ट फार आवडली. सासूबाईंच्या नावापुढे तुम्ही ‘गोधड्या शिवतात’ असं लिहिलंत आणि नणंदेच्या नावापुढे ती काय शिकवते ते. निम्मं काम तिथेच झालं आहे. ज्याला वस्तू द्यायची त्याचे हात दिवसभर काय करतात हे एकदा कळलं, की दुकानात उभं राहून डोकं धरायची वेळ येत नाही. शिवाय चेक देश या कामाला फार चांगला आहे. काच, खडे, कापड, पेन्सिली, खेळणी ही तिथे अजून ठरावीक गावांत तयार होतात आणि वस्तू कुठल्या गावची हे विचारलं तर दुकानदार सांगू शकतो. सांगू शकला नाही, तर ते दुकान सोडून पुढे जा. एवढा एकच नियम पाळलात तरी बरीचशी फसवणूक टळेल.

सुरुवात सासूबाईंपासून करू, कारण त्यांच्यासाठी सर्वांत सुंदर वस्तू ब्रनोच्या जवळच मिळणार आहे. मोदरोतिस्क नावाचं तिथलं सुती कापड आहे, गडद निळ्यावर पांढरी नक्षी. लाकडी ठशाने कापडावर आधी एक लेप उमटवतात. लेप वाळला की कापड निळीच्या कुंडात बुडवतात आणि वर काढतात. बाहेर येताना ते हिरवट दिसतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. असं पुन:पुन्हा करून रंग चढवायचा आणि शेवटी लेप धुऊन काढायचा. लेपाखालची जागा कोरी राहिलेली असते, तीच नक्षी. अजरख किंवा दाबूचं कापड सासूबाईंनी हाताळलं असेल तर त्यांना हे काम बघताक्षणी कळेल. नीळही मुळात आपल्याकडूनच जहाजांतून युरोपात गेली. २०१८ साली युनेस्कोने या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. चेक, स्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि हंगेरी या पाच देशांची मिळून ती नोंद आहे. चेकमध्ये आता हे काम करणारे जुने घरगुती कारखाने मोजकेच उरलेत, आणि त्यांतले दोन तुमच्या वाटेवर आहेत : एक ओलेश्नित्से गावात, ब्रनोच्या उत्तरेला, दुसरा स्त्राझ्नित्सेला, दक्षिण मोरावियात (मोराविया म्हणजे चेकचा पूर्वेकडचा भाग). मुलाला आधी फोन करून कधी उघडं असतं ते विचारायला सांगा, कारण ही माणसं स्वतः रंगवतात आणि स्वतःच विकतात.

तिथे तयार टेबलक्लॉथ, पिशव्या, एप्रन मिळतील, पण तुम्ही मीटरवर कापड घ्या. दोन-तीन मीटर पुरे. सासूबाईंच्या पुढच्या गोधडीत ते तुकडे बसले, की ती गोधडी कुणी फेकणार नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. यंत्रावर छापलेली नक्कलही बाजारात असते. तिची मागची बाजू पांढरट दिसते. खरं कापड कुंडात बुडलेलं असल्यामुळे मागूनही निळंच असतं. आणि गोधडीला लावण्याआधी ते वेगळ्या थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्या. निळीचा रंग सुरुवातीला हाताला लागतो, शेजारच्या पांढऱ्या धडप्यालाही लागेल.

नणंदबाईंसाठी तर तुम्ही योग्य गावातच राहणार आहात. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावरचे प्रयोग ब्रनोच्याच मठात केले, १८५६ ते १८६३ या वर्षांत. त्याने ते १८६५ मध्ये ब्रनोतल्या सभेत वाचून दाखवले आणि पुढच्या वर्षी छापले. मठाच्या आवारात मेंडेलचं संग्रहालय आहे, आणि ज्या काचगृहात तो रोपं वाढवायचा त्याचा पाया अजून बागेत दिसतो. जो माणूस दरवर्षी वर्गात फळ्यावर उंच आणि बुटक्या वाटाण्याचा तक्ता काढतो, त्याच्यासाठी त्या पायाचा एक मोठा, स्वच्छ फोटो छापून नेणं ही भेट मला सोन्याच्या तोलाची वाटते. तो वर्गात लागेल. सोबत संग्रहालयातलं काही छोटं मिळालं तर घ्या.

आणि पेन्सिली घ्या. जीवशास्त्राची शिक्षिका म्हणजे आकृत्या आल्याच. कोह-इ-नूर हार्टमुट ही पेन्सिलींची कंपनी चेस्के बुद्येयोवित्से या गावची. योसेफ हार्टमुटने ती १७९० मध्ये व्हिएन्नात सुरू केली. ग्राफाइटमध्ये चिकणमाती मिसळून, भाजून, हव्या तेवढ्या कठीण किंवा मऊ शिशाची पेन्सिल बनवण्याचं तंत्र त्याने वापरलं. १८४८ मध्ये कारखाना बोहेमियात, म्हणजे चेकच्या पश्चिम भागात, आला. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी पिवळ्या रंगाची एक उंची पेन्सिल मांडली आणि तिला नाव दिलं आपल्या दख्खनच्या हिऱ्याचं. जगभर पेन्सिल पिवळी असते ती बरीचशी तिच्यामुळे. गोवळकोंड्याच्या हिऱ्याचं नाव मिरवणारी पेन्सिल सांगलीत परत येते आहे, हे नणंदबाईंना जरूर सांगा. प्राग आणि ब्रनो दोन्हीकडे कंपनीची दुकानं आहेत. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिलींचा पत्र्याचा डबा हलका असतो, फुटत नाही, वर्षानुवर्षं वापरला जातो. याच दुकानात रंगीत पेन्सिली काट्यांसारख्या खोवलेला लाकडी साळिंदर दिसेल. तो सहा वर्षांच्या मुलासाठी उचला.

मुलांचंच बोलतो आहोत तर तेही संपवू. लहानग्याला साळिंदराबरोबर एक क्रतेक हवाच. क्रतेक म्हणजे छोटा चिचुंद्रीसारखा मोल, काळा, लाल नाकाचा. झ्देन्येक मिलेर या चित्रकाराने १९५७ मध्ये तो पडद्यावर आणला आणि चेक मुलांच्या तीन पिढ्या त्याच्याबरोबर वाढल्या. त्याच्या बहुतेक गोष्टींत संवाद जवळजवळ नसतातच, हसणं, रडणं, हुंकार एवढंच. त्यामुळे मराठी मुलालाही त्या पहिल्या मिनिटापासून कळतात. बाहुली देण्याआधी एक गोष्ट त्याला दाखवा, मग ती त्याच्यासाठी ओळखीची होईल. ही बाहुली प्रागच्या पर्यटकांच्या रस्त्यावर घेऊ नका, ब्रनोतल्या साध्या खेळण्यांच्या दुकानात घ्या.

बारा वर्षांच्या मुलाला मेर्कूर. भोकाभोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या, नट-बोल्ट, चाकं, दांडे यांचा हा संच पोलित्से नाद मेतुयी या गावात बनतो आणि त्याची गोष्ट संचापेक्षा मोठी आहे. ओट्टो विख्टरले नावाच्या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरीच, मुलांच्या खेळण्याचा हाच संच आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र जुळवलं आणि त्यावर जगातल्या पहिल्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्सेस फिरवून तयार केल्या. घरात कुणी लेन्स लावत असेल तर मुलाला तिच्याकडे बोट दाखवून हे सांगा. संच घेताना वयाला साजेसा घ्या. सर्वांत मोठा डबा घेतला तर तो जड होतो आणि मुलगा पहिल्याच दिवशी कंटाळतो. आत पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर असतो, म्हणून हा डबा चेक-इनच्या बॅगेत टाका.

प्रागमध्ये जागोजागी दोऱ्यांवरच्या कठपुतळ्या टांगलेल्या दिसतील आणि मोह होईल. चेक आणि स्लोव्हाक कठपुतळीची कला २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि ती फार मोठी परंपरा आहे. पण रस्त्यावरच्या स्वस्त बाहुल्या बहुतेक प्लॅस्टरच्या असतात. लिंडेन नावाच्या तिथल्या झाडाच्या लाकडात हाताने कोरलेली बाहुली हजारो कोरुनांची (कोरुना हे तिथलं चलन) असते आणि ती मोठ्या माणसाने जपून हाताळायची. तुमच्या अंदाजपत्रकात ती बसत नाही. बघून आनंद घ्या.

आता होणारी सून. इथे थोडे जास्त पैसे घालावेत असं माझं मत आहे, आणि तिच्यासाठी चेक गार्नेटची छोटी कानातली घ्यावीत. हा पायरोप जातीचा खडा. आपला गोमेद त्याच कुळातला, पण हा गर्द लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखा. बोहेमियाच्या उत्तरेकडच्या टेकड्यांत तो सापडतो. लाल रंग त्याला क्रोमियम आणि लोहामुळे येतो. खडा निसर्गतःच बारीक असतो, पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठा क्वचितच मिळतो. म्हणून जुन्या चेक दागिन्यांत हे बारके खडे एकमेकांना चिकटून, फुलासारखे दाट बसवलेले दिसतात. दागिना खरा वाटतो की नाही याची पहिली खूण हीच. एखादा विक्रेता बोटाच्या पेराएवढा लाल खडा ‘बोहेमियन गार्नेट’ म्हणून दाखवायला लागला, की तो बहुधा आल्मंडाइन समजावा, दुसऱ्या जातीचा गार्नेट, दुसऱ्या देशातून आलेला. आल्मंडाइन भारतातही भरपूर निघतो. आपल्याच मातीतला खडा प्रागमध्ये दामदुप्पट किमतीला विकत घेऊन परत आणणं वाईटच.

खात्रीचा मार्ग सोपा आहे. टुर्नोव्ह गावात कारागिरांची ‘ग्रानात’ नावाची सहकारी संस्था आहे, १९५३ पासूनची. ती स्वतः खडे काढते, स्वतः पैलू पाडते, स्वतः दागिने घडवते. तिच्या दागिन्यावर तिची स्वतःची खूण असते आणि सोबत प्रमाणपत्र मिळतं. प्रागमध्ये तिचं स्वतःचं दुकान आहे. तिथेच जा. दुसऱ्या दुकानात घ्यायचं झालं तर प्रमाणपत्रावर ‘चेक गार्नेट’ असं खड्याचं नाव स्पष्ट आहे का ते मुलाकडून वाचून घ्या. नुसतं ‘गार्नेट’ लिहिलेलं असेल तर तो कुठलाही असू शकतो. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली लहान कानातली तुमच्या हिशेबात बसतील. गळ्यातला आख्खा हार काही शे कोरुनांत कुणी देऊ केला तर थांबूही नका. आणि सुनेच्या घरी रत्नांचं कुणी मानत असेल तर आधीच सांगून टाका की हा माणिक नव्हे. नंतर कुणाच्या मनात शंका नको.

तिच्या आईवडिलांसाठी काच. प्रत्येकाला वाटतं की चेकहून मोठा, जड, कोरीव नक्षीचा क्रिस्टल बाऊल आणावा. माझं मत वेगळं आहे. लेड क्रिस्टल म्हणवण्यासाठी काचेत किमान २४ टक्के लेड ऑक्साइड असावं लागतं. त्यामुळे ती चमकते आणि त्यामुळेच जड होते. तुमच्या बॅगेच्या वजनाची मर्यादा एक बाऊल खाऊन टाकेल. शिवाय अशा भांड्यात लोणचं, सरबत किंवा कुठलंही आंबट साठवू नये, आणि आपल्या घरात आलेलं भांडं कधी ना कधी वापरलं जातंच. त्यापेक्षा पातळ, रंगीत, शिसं नसलेल्या काचेची एक फुलदाणी किंवा सहा लहान ग्लास घ्या. शिशाशिवायची उत्तम काच ही तर कार्लोव्ही व्हारीच्या मोझर कारखान्याची ओळख आहे. तो १८५७ मध्ये सुरू झाला. त्यांच्या वस्तू तुमच्या आवाक्याबाहेर असतील, तरी तिथलं संग्रहालय बघा. नजर तयार होते आणि नंतर दुकानात चांगली काच लगेच ओळखू येते. ‘बोहेमिया’ हे प्रदेशाचं नाव आहे, ते कुठल्याही डब्यावर दिसेल. कारखान्याचं नाव आणि गाव असलेलं स्टिकर वस्तूवर आहे का ते पाहा. नोव्ही बोर हे गाव काचेसाठी प्रसिद्ध आहे, तिथलं काही दिसलं तर हातात घेऊन बघाच. काच हातातल्या बॅगेत आणा, मोदरोतिस्कच्या कापडात गुंडाळून.

काचेच्या गोष्टीला एक जुना धागा आहे आणि तो तुमच्या यादीतल्या शेवटच्या नावाशी जाऊन मिळतो. ताई, मावशींसाठी तुम्ही ‘उरलंसुरलं’ लिहिलंत, ते मला टोचलं. त्या रोज तुमच्या घरात येतात, तुम्ही पंधरा दिवस नसताना सासूबाईंजवळही बहुधा त्याच असतील. त्यांच्या भेटीचे पैसे आणि बॅगेतली जागा सर्वांत आधी बाजूला ठेवा, म्हणजे पैसे आणि वजन संपल्यावर त्यांच्या वाट्याला चॉकलेट येणार नाही.

त्यांच्यासाठी याब्लोनेत्सची काचेची कानातली किंवा माळ घ्या. याब्लोनेत्स नाद निसोउ हे मणी आणि नकली दागिन्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथून काचेच्या बांगड्या जहाजं भरभरून हिंदुस्थानात येत. आपल्या पणज्यांच्या हातातली ‘विलायती काकणं’ बरीचशी याच मुलखातली. पुढे स्वदेशीची चळवळ झाली, लोकवर्गणीच्या पैसा फंडातून तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला, तो परदेशी काचेला उत्तर म्हणूनच. आज याब्लोनेत्सचे मणी जगभर जातात आणि काचेचे असल्याने फार महागही नसतात. प्रागमध्ये याब्लोनेत्सचे दागिने विकणारी दुकानं आहेत. मावशींचा आवडता रंग निघण्यापूर्वी आडून विचारून घ्या. देताना सगळ्यांच्या आधी द्या, डब्यासकट, इतरांच्या भेटवस्तूंसारख्याच कागदात.

भिशीतल्या बारा जणींसाठीही काचच, पण वजन नसलेली. क्रकोनोशे पर्वतात पोनिक्ला नावाचं छोटं गाव आहे. तिथे काचेची नळी तापवून, साच्यात धरून, फुंकून एकाला एक जोडलेल्या मण्यांची माळ करतात. मग आतून चांदीचा थर देतात, रंगवतात, मणी सुटे कापतात आणि तारेत ओवून चांदण्या, पक्षी, कंदील बनवतात. २०२० मध्ये हीही कला युनेस्कोच्या यादीत गेली. तिथले लोक ते नाताळच्या झाडाला टांगतात. आपल्याकडे ती चांदणी दिवाळीत आकाशकंदिलाखाली किंवा पुढच्या वर्षी गौरीच्या मखरात शोभेल. सप्टेंबरात दुकानांत नाताळचा माल पुरेसा आलेला नसतो, म्हणून मुलाला आताच ऑनलाइन मागवून ठेवायला सांगा. बारा चांदण्या एका बुटांच्या खोक्यात मावतात. सगळ्या एकाच आकाराच्या घ्या; भिशीत एकीला मोठी, एकीला लहान मिळाली की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

ऑफिससाठी खाऊ, आणि तो कार्लोव्ही व्हारीत घ्या. तिथे आणि मारियान्स्के लाझ्नेला, म्हणजे औषधी पाण्याच्या झऱ्यांच्या गावांत, ओप्लात्की मिळतात, ताटलीएवढ्या गोल, पातळ वेफर, दोन पापुद्र्यांत साखर आणि हेझलनट किंवा चॉकलेटचा भुगा. झऱ्याचं पाणी चाखताना लोक त्या गरम गरम खातात. खोक्यातल्या टिकतात, हलक्या असतात, फक्त दाबल्या जाऊ नयेत म्हणून बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. सासूबाईंसाठी अंड्याचं बघावंच लागेल. युरोपात वेष्टनावर अंडं, दूध, दाणे यांसारखे ॲलर्जीचे घटक ठळक अक्षरांत छापणं बंधनकारक आहे, म्हणून ते चटकन दिसतात. चेकमध्ये अंड्याला ‘वेइत्से’ म्हणतात. जिलेटिन मात्र ठळक छापलेलं नसतं, ते यादीत शोधावं लागतं, आणि ‘साद्लो’ दिसलं तर ती डुकराची चरबी. मुलगा सोबत नसेल तेव्हा फोनचा कॅमेरा वेष्टनावर धरून भाषांतर वाचा. पार्दुबित्सेचा पेर्निक, म्हणजे मसाल्याची नक्षीदार कुकी, दिसायला फार देखणी आहे, पण त्यात अंडं असतं. ती ऑफिसला न्या, देवघराजवळ नको. ओलोमोउत्सचं चीज कुणी कितीही आग्रहाने दिलं तरी बॅगेत घालू नका. त्याचा वास कपड्यांतून महिनाभर जाणार नाही.

खाऊ घेताना साध्या सुपरमार्केटात जा, जिथे तिथले लोक दूध-पाव घेतात. तीच ओप्लात्की पर्यटकांच्या चौकात बऱ्याच जास्त किमतीला असते.

दीरांना बेखेरोव्का. १८०७ मध्ये कार्लोव्ही व्हारीच्या योसेफ बेखेर नावाच्या औषधविक्रेत्याने ती पोटाचं औषध म्हणून विकायला सुरुवात केली. वनौषधी आणि मसाल्यांची, ३८ टक्क्यांची, हिरव्या चपट्या बाटलीतली. भारतात एका प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, तेव्हा एक बाटली आरामात बसते. चेक-इनच्या बॅगेत टाका, कपड्यात गुंडाळून. सप्टेंबरात दक्षिण मोरावियात रस्तोरस्ती प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून बुर्चाक विकतात, आंबत असलेला द्राक्षरस. तो तिथेच चाखायचा. त्यात आंबण्याची क्रिया चालू असते, बाटली बंद केली की फुटते.

आता काय घेऊ नये. हा भाग कृपया यांनाही वाचायला द्या.

प्रागच्या कार्लोवा रस्त्यावर आणि आसपास भांगेच्या पानाचं चित्र असलेली चॉकलेटं, लॉलीपॉप, बिस्किटं, चहा, दारू यांनी दुकानं भरलेली असतात. गंमत म्हणून कुणीही उचलतं. तुम्ही उचलू नका. आत नेमकं काय आहे हे दुकानदाराच्या सांगण्यावर सोडण्यासारखं नाही, आणि तुम्ही दुबईतून येणार आहात. अमली पदार्थांबाबत तिथले कायदे अतिशय कडक आहेत. भारतातही १९८५ चा कायदा आहेच. मुलाच्या मित्राने दिलेला खाऊही वेष्टन वाचल्याशिवाय बॅगेत जाऊ देऊ नका.

दुसरी वस्तू निष्पाप दिसते म्हणून जास्त धोक्याची : खसखस. चेक लोक ती पोत्याने खातात, केकात, नूडल्सवर, पावावर. निळसर रंगाची, ताजी, आणि आपल्याकडच्या भावाच्या मानाने स्वस्त. सासूबाईंचे अनारसे डोळ्यांपुढे येतील आणि किलोभर घ्यावीशी वाटेल. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. नुसतं विमान बदलणाऱ्या प्रवाशानेही ती जवळ ठेवू नये. खसखस भुरभुरलेला पाव किंवा खसखशीच्या सारणाची पेस्ट्रीही वाटेत खायला म्हणून बरोबर घेऊ नका.

बाकीचं थोडक्यात. एकात एक बसणाऱ्या मात्र्योश्का बाहुल्या आणि फरच्या टोप्या रशियाच्या, चेकशी त्यांचा संबंध नाही. कोळशावर फिरवून भाजलेला त्रदेल्निक नावाचा गोड पाव तिथे उभ्याने खायचा, त्याचा प्रागशी जोडलेला इतिहासही फार जुना नाही. पाण्यात बर्फ उडणारे काचेचे गोळे हातातल्या बॅगेत अडवू शकतात, कारण आत द्रव असतो. चार्ल्स पुलावर स्वतःची चित्रं मांडून बसलेले चित्रकार मात्र परवाना घेऊन बसतात. स्वतःसाठी एखादं छोटं चित्र घ्यायचं तर तिथे घ्या.

पैशांचं सांगते. एका कोरुनेचे साधारण चार रुपये धरा, म्हणजे तुमचे ३५ हजार म्हणजे पावणेनऊ हजार कोरुना. यातले निम्म्याहून थोडे कमी सुनेला आणि तिच्या आईवडिलांना, उरलेल्यात बाकी सगळं सहज होतं. रस्त्यावर कुणी जास्त भाव देतो म्हणाला तर त्याच्याकडून नोटा बदलू नका; हातात दुसऱ्याच देशाच्या, चलनातून गेलेल्या नोटा ठेवतात. एक्स्चेंजच्या दुकानात भाव वाईट मिळाला हे नंतर लक्षात आलं, तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जा. २०१९ पासून चेक कायद्याने ग्राहकाला हजार युरोंपर्यंतचा व्यवहार रद्द करता येतो.

टॅक्सही परत मिळतो, पण एका दिवशी एका दुकानात २००० कोरुनांहून जास्त खरेदी झाली तरच. गार्नेट आणि काच या दोन ठिकाणी तुमचं ते जमेल. पासपोर्ट बरोबर ठेवा, दुकानातच फॉर्म भरून घ्या, वस्तू वापरू नका. विमानतळावर बॅग देण्यापूर्वी कस्टम्सकडे फॉर्म, पावती आणि वस्तू दाखवून शिक्का घ्या. त्यासाठी एक तास जास्तीचा धरा. सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा, मुंबईतही विचारलं तर दाखवता येतात, आणि भारतीय कस्टम्सची सध्याची शुल्कमुक्त मर्यादा त्यांच्या संकेतस्थळावर निघण्यापूर्वी पाहून घ्या.

तुमच्या तारखांमुळे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. २८ सप्टेंबर हा चेकमधला सेंट व्हाक्लावचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. त्या दिवशी २०० चौरस मीटरहून मोठी दुकानं कायद्याने बंद असतात, म्हणजे मॉल आणि सुपरमार्केट दोन्ही. छोटी दुकानं उघडी असतील, पण ती बहुतेक पर्यटकांच्या रस्त्यावरची, आणि तिथून तर आपल्याला काही घ्यायचं नाही. तेव्हा कापड, पेन्सिली, मेर्कूर, क्रतेक आणि चांदण्या ब्रनोतच आटपा. प्रागमध्ये फक्त गार्नेट, काच आणि मावशींची कानातली उरू देत, ती २७ तारखेच्या आत घ्या, आणि २८ ला बॅग भरा.